मिस्त्री दादा, थँक्यू म्हणायचं राहिलंय

मिस्त्री दादा, नमस्कार.

हिशोब झाला तेव्हा मी नुसतं "बरं झालं हां काम" एवढंच बोलले, ते मला रोज खटकतंय, म्हणून हे लिहितेय. तुमचा मुलगा मोबाईलवर असतो म्हणालात ना, तो दाखवेल तुम्हाला.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली आमची मागची पडवी आणि तिथलं ते विटांचं धुराडं, आजोबांच्या हातचं. विटांमधला चुना पार गळलेला, पावसात भिंतीवरून काळं पाणी उतरायचं आणि धूर वर जायच्या ऐवजी घरातच फिरायचा. गॅस आहे हो घरात, पण तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आई चुलीवरच करणार, तिचं सगळं आयुष्य तिथे गेलंय. खोकून खोकून बेजार झाली होती ती.

तुमच्या आधी जे आले त्यांच्याबद्दल बोलायलाच नको, पण बोलते. एकाने बाहेरून सिमेंट फासलं, पूर्ण पैसे घेतले आणि पहिल्या पावसात परत तेच, नंतर फोनही उचलला नाही. दुसऱ्याने मुंबई हायकोर्टाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशाची भीती घातली, तो आदेश बेकऱ्या-हॉटेलांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांबद्दलचा, आमच्या घरच्या चुलीचा त्यात काय संबंध! आणि एक जण तर आईसमोरच म्हणाला, चूल फोडून टाका, म्हातारीला काय कळतंय. आई काही बोलली नाही, आत जाऊन बसली. ते मी विसरणार नाही.

तुम्ही आलात ते चप्पल बाहेर काढून, आणि आधी खालून टॉर्च मारून बघितलंत. जुनं धुराडं उघड्या चुलीसाठी बांधलेलं, फार रुंद, आईच्या नव्या लोखंडी चुलीचा धूर त्यात सोडला तर वाटेतच थंड होतो, ओढ राहत नाही आणि आत डांबरासारखी काजळी धरते, तीच पुढे पेट घेते, हे तुम्ही मला नाही, आईला समजावून सांगितलंत. मग विटा उतरवल्यात, सहा इंची स्टीलचा दुहेरी पाईप, मधे सिरॅमिक वूल, खाडीची खारी हवा म्हणून साधा पत्रा नको म्हणालात. कौलांच्या वर पाईप किती काढला, वर टोपी कशी बसवली ते सगळं लिहीत नाही, पाणी गळत नाही आणि धूर सरळ वर जातो, एवढं पुरे.

पण दादा, मला सांगायचंय ते पाईपातल्या त्या झडपेच्या दांड्याबद्दल, धुराची ओढ कमी-जास्त करायच्या. पाईप बसवायच्या आधी तुम्ही आईला पाटावर बसवलंत आणि विचारलंत, "मावशी, लाकूड कुठल्या हाताने सारता?" तिचा उजवा खांदा वर जात नाही, हे आम्ही कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्ही तिला फुंकणी उचलताना बघितलं होतंत. तिने डावा हात लांब केला, बोटं जिथे पोचली तिथे तुम्ही खडूने खूण केलीत आणि दांडा बरोबर तिथेच काढलात, वर लाकडी मूठ, चटका बसू नये म्हणून. त्याचे वेगळे पैसे विचारले तर नुसती मान हलवलीत.

आम्ही घरची माणसं, रोज तिच्यासमोर वावरतो, आम्हीसुद्धा कधी तिला असं विचारलं नव्हतं. काम येणारी माणसं ठाण्यात ढिगाने मिळतील, वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनवाले रांगेने आहेत, पण वापरणाऱ्याचा हात बघून काम करणारा माणूस मला तरी पहिल्यांदा दिसला. चांगुलपणा शिल्लक आहे तो अशा लोकांच्यात, ज्यांना कोणी बघत नसतं तेव्हाही नीट वागायचं असतं.

आई आता सगळ्यांना सांगते, "डोल्यांना धूर नाय लागत." खोकला बराच कमी आहे. नारळी पौर्णिमेला वहिनींना आणि मुलांना घेऊन घरी या, नारळीभात आईच करणार आहे, चुलीवर. आणि पाईप साफ करायचा ब्रश आणून ठेवलाय, तुम्ही सांगितला होतात तोच, पावसाळ्यानंतर एकदा येऊन दाखवून जा, यावेळी पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
कोळीवाड्यातली ताई