ईमची पायी फेरी

महोदय,

उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला येणारे आपल्याकडचे अनेक आई-वडील लंडन, स्टोनहेंज आणि फार तर एडिनबरो पाहून परततात. पर्यटनविषयक पुरवण्यांतही बहुधा हाच कार्यक्रम छापून येतो. त्यांनी शेफील्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्टमधील ईम या गावाची पायी फेरी करावी, आणि बरोबर नातवंडे असतील तर ती जिओकॅशिंगच्या निमित्ताने करावी, असे सुचवावेसे वाटते.

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि लगेचच, ३ मे रोजी, ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहून तो होता तसा परत ठेवायचा. अनेक टप्प्यांच्या प्रकारात मात्र पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश वाटेवरच्या पाट्यांवरील आणि शिलालेखांवरील आकड्यांतून जुळवावे लागतात. त्यामुळे एरवी फलकाचा फोटो काढून पुढे पळणारी मुले तो मजकूर नीट वाचतात, आणि ईममध्ये वाचण्याजोगे पुष्कळ आहे.

लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून १६६५ मध्ये या गावात प्लेग शिरला, असे मानले जाते. साथ आसपासच्या गावांत पसरू नये म्हणून धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी पुढच्या वर्षी शीव न ओलांडण्याचे ठरवले. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे दगावली. चर्चच्या आवारातील सॅक्सनकालीन कोरीव क्रूस आणि मॉम्पेसन यांच्या पत्नीची कबर पाहून निघाल्यावर स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर शिवेचा दगड लागतो. त्याच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवत आणि बाहेरची माणसे अन्न ठेवून ती उचलत. खळग्यांच्या कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत. गावाच्या पूर्वेला राइलीच्या कबरी आहेत : एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. पुढे चढ चढून मॉम्पेसनच्या विहिरीपाशी (खरे तर तो झराच आहे) जाऊन गावात उतरले की फेरी पुरी होते. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाईंची आठवण मराठी माणसाला या वाटेवर होतेच.

डबा जमिनीत पुरायचा नाही आणि जागामालकाच्या परवानगीशिवाय ठेवायचा नाही, हे खेळाचेच नियम आहेत. तरीही काही उतावीळ मंडळी शेतांच्या गडग्यांचे दगड उपसतात. चुन्याशिवाय रचलेल्या गडग्यातला एक दगड निघाला की वरचे ढासळतात, मेंढ्या पलीकडे जातात आणि भुर्दंड शेतकऱ्याला पडतो. कबरींपाशी तर, माझ्या मते, डबा असूच नये. तेथील आकडे टिपून पुढे जावे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात प्लेगमधील मृतांसाठी प्रार्थना असते, त्या दिवशी हा खेळ टाळलेला बरा.

आपल्या पुरवणीने अशा एखाद्या फेरीचा नकाशा वाटेतल्या चढ-उतारांसह छापावा, ही विनंती. साठी ओलांडलेल्या वाचकांना चढ किती आहे हे आधी कळणे फार गरजेचे असते.

आपला,
एक वाचक, शेफील्ड