सैनिकाला पार्सल पाठवताना

संपादक महोदय,

दूर तैनात असलेल्या सैनिकाला घरच्या पार्सलचं फार अप्रूप असतं, म्हणून ते धड पोचायला हवं. साबण आणि खाऊ शक्यतो एकत्र भरू नयेत. भरलेच तर साबण दोन पिशव्यांत घट्ट बांधावा, नाहीतर बिस्किटांनाही त्याचा वास लागतो. लायटर, स्प्रेचे डबे, सुटे लिथियम सेल विमानाने जात नाहीत. त्यांच्यापायी अख्खं पार्सल अडकू शकतं. मोकळी जागा राहिली की खोकं दबतं, तिथे मोजे कोंबावेत. ते तिकडे हवेच असतात. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी, वरचं लेबल भिजून निघतं.

पत्रांवर क्रमांक जरूर घालावेत. ती मागेपुढे पोचतात, आणि ‘आजी आता बरी आहे’ आधी, ‘आजी दवाखान्यात आहे’ नंतर वाचलं, तर तिकडे जिवाला घोर लागतो.

कौतुकाने सोशल मीडियावर टाकलेल्या फोटोंबाबत मात्र कडक राहावं. मागची पाटी, गणवेशावरचं चिन्ह, फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं लोकेशन, यांतून तुकडीचा ठावठिकाणा कळतो. सुट्टीची तारीख आणि प्रवासाचा मार्ग तर माणूस घरी पोचेपर्यंत कुठेही लिहू नये.

– एक वाचक