डेडबॉल युगाचा मानकरी कॉब नव्हे, वॅग्नर

प्रति,
संपादक,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन बेसबॉलच्या आरंभकाळावर आलेला लेख आवडला. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला एवढी जागा क्वचितच मिळते. मात्र साधारण १९०० ते १९१९ या काळातला, ज्याला तिकडे ‘डेडबॉल युग’ (मऊ, कमी उसळणाऱ्या चेंडूचा काळ) म्हणतात त्यातला, सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून लेखकाने डेट्रॉइट टायगर्सच्या टाय कॉबच्या गळ्यात माळ घातली आहे, ती मला मान्य नाही. तो मान पिट्सबर्ग पायरेट्सच्या होनस वॅग्नरचा आहे. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे पिट्सबर्गला राहिलेलो असल्याने माझ्या मतात त्या गावाचा अभिमान थोडाफार मिसळला असेल, तो वाचकांनी खुशाल वजा करावा. उरेल तेवढ्यावरही माझे म्हणणे उभे राहते.

लेखकाची सारी भिस्त तीन आकड्यांवर आहे : कॉबची ०.३६७ ही कारकिर्दीची सरासरी (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, मिळाला त्याचे प्रमाण), फलंदाजीतली त्याची बारा अजिंक्यपदे (हंगामातली लीगमधली सर्वोच्च सरासरी) आणि १९३६ च्या पहिल्यावहिल्या ‘हॉल ऑफ फेम’ या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठीच्या मतदानातला त्याचा पहिला क्रमांक. यातल्या मतदानाचा निकाल चटकन लावता येतो. २२६ मतांपैकी कॉबला २२२ आणि वॅग्नरला विख्यात फटकेबाज बेब रूथइतकीच, म्हणजे २१५ मते मिळाली. सात मतांच्या फरकावर एका युगाचा निवाडा होत नाही. शिवाय त्या वेळी वॅग्नरला निवृत्त होऊन एकोणीस वर्षे झाली होती, तर कॉब अवघ्या आठ वर्षांपूर्वीपर्यंत मैदानावर होता.

बारा अजिंक्यपदांची गोष्ट मात्र मुळातून सांगण्याजोगी आहे, कारण त्यातले एक पद आजही वादात आहे. १९१० मध्ये चाल्मर्स या मोटार कंपनीने सर्वाधिक सरासरीच्या फलंदाजाला मोटार देण्याचे जाहीर केले. अमेरिकन लीगमध्ये (ही आणि नॅशनल लीग मिळून मेजर लीग, म्हणजे तिथले सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) चुरस कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात होती. आपली आघाडी पक्की आहे असे समजून कॉब शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. तिकडे सेंट लुईसमध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी यजमान संघाचा व्यवस्थापक जॅक ओ’कॉनर याने तिसऱ्या बेसवर (धावताना गाठायच्या चार थांब्यांपैकी तिसऱ्यावर) क्षेत्ररक्षण करणाऱ्या रेड कॉरिडन या नवख्याला इतके मागे उभे केले, की लाजवेने चेंडू नुसता बॅटने थोपवून त्या बाजूला ढकलावा आणि आरामात पहिला बेस गाठावा. लाजवेने त्या दिवशीच्या दोन सामन्यांत मिळून आठ हिट मिळवले, त्यातले बहुतेक अशा बंटचे होते. कॉब इतर खेळाडूंतही किती अप्रिय होता, याचा हा पुरावा म्हणून लेखक हा प्रसंग सांगतो. मला त्यात आकड्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न दिसतो. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी केसभर फरकाने कॉबला विजयी ठरवले, कंपनीने दोघांनाही मोटारी देऊन आपली जाहिरात साधली आणि ओ’कॉनरची नोकरी गेली. पुढे १९८१ मध्ये असे उघडकीस आले, की कॉबच्या नोंदीत एक सामना चुकून दोनदा धरला गेला होता. तो वजा केला तर लाजवे पुढे जातो. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी निकाल बदलण्यास नकार दिला, त्यामुळे काही नोंदवह्यांत कॉबचे एकूण हिट ४१९१ आहेत, तर काहींत ४१८९. नॅशनल लीगमधली वॅग्नरची आठ अजिंक्यपदे अशा वादात अडकलेली नाहीत.

निव्वळ फलंदाज म्हणून कॉब सरस होता, हे मी आडपडदा न ठेवता मान्य करतो. वॅग्नरची कारकिर्दीची सरासरी ०.३२८ च्या घरात आहे. परंतु हे आकडे कोणत्या हवामानातले आहेत, ते पाहायला हवे. त्या काळी एकच चेंडू सामनाभर वापरत; तो मळून, थुंकीने आणि तंबाखूने काळा पडून, मार खाऊन मऊ होई. थुंकी लावून चेंडू टाकण्यास बंदी नव्हती. होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस फिरून काढलेली धाव) इतके दुर्मिळ, की १९०९ मध्ये कॉबने अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होम रन काढले ते नऊ, आणि त्यातला एकही चेंडू मैदानाबाहेर गेला नव्हता. या युगातही सर्वांत कोरडे वर्ष १९०८ चे. नॅशनल लीगची सरासरी त्या वर्षी ०.२३९ वर आली होती आणि चौतीस वर्षांच्या वॅग्नरने ०.३५४ ची सरासरी राखली. हिट, डबल, ट्रिपल (एका फटक्यात दोन आणि तीन बेस) आणि चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) या सगळ्यांत तो लीगमध्ये पहिला होता आणि होम रनमध्ये फक्त दोनने मागे. कॉबचा ०.४२० चा गाजलेला हंगाम १९११ चा, म्हणजे बुचाच्या गाभ्याचा नवा, अधिक उसळता चेंडू आल्यानंतरचा. कॉबच्या कारकिर्दीतले शेवटचे नऊ हंगाम तर १९२० पासूनचे आहेत, त्यामुळे १९२२ ची त्याची ०.४०१ ही सरासरी या वादात आणताच येणार नाही.

आता मूळ मुद्दा. कॉब आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) होता आणि वॅग्नर शॉर्टस्टॉप, ही गोष्ट लेखकाने एका वाक्यात उरकली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा इनफिल्डमधली (बेसभोवतालच्या आतल्या भागातली) सर्वांत अवघड. उजव्या हाताच्या फलंदाजांचे जमिनीलगतचे बहुतांश फटके तिकडेच येतात. आपल्याकडे दिवसभर यष्टिरक्षण करणाऱ्या फलंदाजाच्या धावांना आपण वेगळे मोल देतो, तसेच हे आहे. त्यातही ती मैदाने खडबडीत आणि हातमोजे जेमतेम तळहाताएवढे. रुंद छातीचा, लांब हातांचा, धनुष्यासारख्या वाकड्या पायांचा वॅग्नर चेंडूबरोबर खडेमाती उचलून सगळेच पहिल्या बेसकडे फेकत असे, असे सांगतात. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण ती नेमकी वॅग्नरबद्दलच सांगितली जाते. शिवाय तो पहिला बेस, तिसरा बेस आणि आउटफिल्ड येथेही वेळप्रसंगी उत्तम खेळला. कॉबची फलंदाजीतली आघाडी या एका बाबीत भरून निघते, असे माझे मत आहे. याच युगातल्या वॉशिंग्टनच्या पिचरचे (गोलंदाजाचे), वॉल्टर जॉन्सनचे, ४१७ विजय डोळे दिपवतात, पण तीन-चार दिवसांआड खेळणाऱ्या पिचरची रोज खेळणाऱ्याशी तुलना मला करवत नाही.

दोघे समोरासमोर आले ते १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत. पायरेट्सने ती ४-३ अशी जिंकली. पस्तिशीच्या वॅग्नरची सरासरी ०.३३३ आणि चोरलेले बेस सहा. बावीस वर्षांच्या कॉबची सरासरी ०.२३१ आणि बेस दोन. कॉबने शिवी हासडली आणि वॅग्नरने चेंडूनेच त्याचा ओठ फाडला, ही लेखातली कथा बहुधा दंतकथा आहे, तिची मला गरज नाही. सात सामन्यांनी काही सिद्ध होत नाही, असेही कोणी म्हणेल आणि ते खरे आहे, कारण १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये वॅग्नरची बॅट पार थंडावली होती आणि त्याच्या हातून क्षेत्ररक्षणातल्या चुकाही झाल्या होत्या. तेव्हा मी ही मालिका निर्णायक पुरावा म्हणून मांडत नाही. मात्र लेखात तिचा निकालच दिलेला नाही, हे खटकते.

लेखात आणखी एक दुरुस्ती हवी. कॉबची सरासरी ‘आजही सर्वकालीन पहिली’ असे छापले आहे. मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगच्या (वर्णभेदामुळे वेगळ्या खेळाव्या लागलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांच्या) नोंदी आपल्या अधिकृत आकडेवारीत समाविष्ट केल्या, तेव्हापासून त्या लीगमधला जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीने पहिला आहे.

वॅग्नरलाही खरा प्रतिस्पर्धी कोणी असेल, तर तो कॉब नसून जॉन हेन्री लॉइड आहे. ‘काळा वॅग्नर’ म्हणून ओळखला जाणारा हा शॉर्टस्टॉप केवळ वर्णामुळे मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. १९१० च्या अखेरीस टायगर्स संघ क्यूबात खेळायला गेला, तेव्हा हवानाच्या संघाकडून खेळणाऱ्या लॉइडची सरासरी कॉबपेक्षा बरीच वर होती. त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले १९७७ मध्ये, तेही मरणोत्तर. आणि त्याची उमेदीची वर्षे १९२० पूर्वीची असल्याने २०२४ च्या नव्या आकडेवारीतही ती धरलेली नाहीत. आपल्या लेखात त्याचे नावसुद्धा नाही. ही लेखमाला पुढे चालणार असेल, तर पुढचा लेख लॉइडवर यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे