काका, तुम्ही ते पाकीट दिव्यासमोर धरलंत म्हणून

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, चहा गार होतोय" म्हणून विषय बदलता. आज बदलता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला गणपतीच्या आरतीनंतर मी चपला शोधत होते आणि तुम्ही तुमची काठी. मी टपालाची तिकिटं जमवते हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. "कुठली?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, अमेरिकन यादवी युद्धातली, दक्षिणेकडची, पोस्टमास्तरांनी स्वतः छापलेली. तुम्ही दोन क्षण माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "रविवारी ये. जे सगळ्यात आवडतं ते घेऊन ये."

मी न्यू ऑर्लिन्सहून रिचमंडला गेलेल्या एका पत्राचं पाकीट आणलं. दीड वर्ष पैसे बाजूला टाकून घेतलं होतं. उजव्या कोपऱ्यात तपकिरी, पाच सेंटांचं तिकीट, त्यावर पोस्टमास्तर जे. एल. रिडेल यांचं नाव, आणि शहराचा गोल शिक्का अर्धा पाकिटावर, अर्धा तिकिटावर. हे रिडेल मुळात डॉक्टर आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक, दोन्ही डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक बनवणारे. अशा माणसानं काढलेलं तिकीट आपल्या घरात आहे, या आनंदात मी कितीतरी रात्री ते पाकीट नुसतं बघत बसले होते.

तुम्ही टेबलावरचे कप आत नेऊन ठेवलेत, हात धुऊन कोरडे केलेत, मग पाकीट घेतलंत. तिकिटाकडे बघितलंही नाहीत. पत्ता वाचलात आणि विचारलंत, "न्यू ऑर्लिन्सहून रिचमंड किती लांब?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून थोडं मागे जाते. १ जून १८६१ पासून अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं टपाल त्यांच्या नव्या टपालखात्यानं हातात घेतलं. प्रमुख होते टेक्ससचे जॉन रेगन. जुनी अमेरिकन तिकिटं तिथे चालेनाशी झाली आणि नवी तर अजून छापलीच नव्हती. रिचमंडच्या हॉयर आणि लुडविग या छापखान्यातून त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचं चित्र असलेलं पाच सेंटांचं हिरवं तिकीट आलं ते १६ ऑक्टोबरला. मधले साडेचार महिने प्रत्येक पत्राचे पैसे खिडकीवर रोख भरायचे आणि पोस्टमास्तरानं 'पेड' असा शिक्का मारून आकडा घालायचा. त्यात लोकांनी नाणी दडवून ठेवलेली, सुटे मिळेनात. म्हणून काही पोस्टमास्तरांनी आपल्या गावापुरती हंगामी तिकिटं काढली. मेम्फिस, मोबिल, नॅशव्हिल, लिंचबर्ग, पीटर्सबर्ग, चार्ल्सटन, अशी कितीतरी गावं. बॅटन रूजच्या छापखान्यात खुद्द पोस्टमास्तर मॅकॉर्मिक यांच्या नावातल्या 'ओ'च्या जागी एका तिकिटावर 'सी' पडला. व्हर्जिनियातल्या ग्रीनवुड डेपोच्या पोस्टमास्तरानं तर किंमत हातानं लिहून खाली सही ठोकली. आणि लुइझियानातल्या माउंट लेबनॉनचं तिकीट! लाकडावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती छापल्यावर सुलटी येतात. कोरणारा तेच विसरला आणि अख्खं तिकीट आरशात दिसावं तसं छापलं गेलं. जगात त्याची एकच प्रत माहीत आहे, तीही पाकिटावर. त्या माणसाची ती धांदल मला फार जवळची वाटते.

आता काकांच्या प्रश्नाकडे, म्हणजे टपालाच्या दराकडे. अर्ध्या औंसाला पाचशे मैलांपर्यंत पाच सेंट, त्यापुढे दहा. न्यू ऑर्लिन्सहून रिचमंड पाचशे मैलांच्या कितीतरी पलीकडे. माझ्या पाकिटावर तिकीट एकच, पाचाचं.

"चूक झाली असेल पोस्टात," मी म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत. टेबलावरचा दिवा जवळ ओढलात आणि पाकीट उघडून त्याचा पुढचा कागद दिव्यासमोर धरलात. तिकिटाखालून आधी शिक्क्याची राहिलेली गोलाई वर आली. मग 'पेड'. मग दहाचा आकडा, अगदी स्पष्ट. पत्र पाठवणाऱ्यानं दहा सेंट रोख भरले होते. तिकीट त्या पाकिटावर कधीच नव्हतं. पुढे कधीतरी कुणीतरी ते नेमकं आकड्यावर चिकटवलं आणि शिक्क्याची रेघ तिकिटावर ओढून पूर्ण केली. भिंगातून तुम्ही मला ती रेघ दाखवलीत. पाकिटावर शाई कागदात मुरलेली होती, तिकिटावर मात्र ती नुसती वर बसली होती.

काका, त्या वेळी "छान आहे, जपून ठेव" असं म्हणणं तुम्हाला किती सोपं होतं! मी खूश होऊन घरी गेले असते आणि आपली ओळखही गोड राहिली असती. तुम्ही खरं सांगितलंत आणि मग मी रडले तेव्हा उठून गेला नाहीत. या नादात फसणं किती जुनं आहे ते सांगत बसलात. बॉस्टनच्या एस. ॲलन टेलरनं एकोणिसाव्या शतकातच दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांची बनावट तिकिटं छापून विकली होती, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. पाकीट तपासणीला पाठवायला लावलंत. उत्तर तुम्ही म्हणालात तेच आलं: तिकीट अस्सल, पण या पाकिटावरचं नाही. एका ओळखीच्यानं सुचवलं की प्रमाणपत्र बाजूला ठेव आणि गुपचूप पुढे विकून टाक. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही माझ्या हातात शिसपेन्सिल दिलीत. पाकिटाच्या मागे मी बारीक अक्षरात लिहिलं, 'तिकीट नंतर लावलेलं'. आता ते कुणाच्याही हातात गेलं तरी माझ्यासारखं कुणी फसणार नाही.

त्याच दिवशी निघताना तुम्ही मला तुमच्या खोक्यातलं एक साधं पाकीट दिलंत. लिंचबर्गचं, तिकीट नाही, नुसता 'पेड' आणि पाच. बाजारात त्याला फारसं कुणी विचारणार नाही. "आत पत्र आहे, घरी जाऊन वाच," म्हणालात.

वाचलं. पहिलं पान पावसाचं आणि गव्हाचं. दुसऱ्या पानावर, दोन ओळींच्या मध्ये, घरातला एक गुलाम पुढच्या वर्षी कुणाकडे भाड्यानं द्यायचा आणि त्याचे किती डॉलर येतील, एवढा हिशोब. त्याखाली लगेच बहिणीच्या तब्येतीची चौकशी. तिच्याबद्दलची काळजी खरी होती, हेच मला जास्त लागलं. मी इतके दिवस दर, रंग, शिक्के बघत होते. या टपालातून काय वाहत होतं ते बघितलंच नव्हतं.

तुम्हाला फोन करून विचारलं, हे जमवणं सोडू का? तुम्ही उलट विचारलंत, "जोतीरावांनी 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलं, आठवतं?" आठवत होतं. १८७३ साली पुण्यात बसून त्यांनी ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. "त्यांनी तिथून इथलं बघितलं. तू तर इथेच राहतेस. जमव, पण पत्र झाकू नकोस." मग सांगितलंत की याच व्हर्जिनियात १८३१च्या कायद्यानं कृष्णवर्णीयांना वाचायला शिकवण्यासाठी भरवलेली सभा बेकायदा ठरवली होती. ज्याचा हिशोब त्या पत्रात आहे, त्याला स्वतःचं पत्र लिहायची वाटही बंद केलेली होती. त्याचं नावही त्या पत्रात नाही.

काका, गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा माझ्या संग्रहाची पानं प्रदर्शनात लावली. सोळा पानं. पहिल्या पानावर ते न्यू ऑर्लिन्सचं पाकीट आहे, शेजारी दिव्यासमोर धरून काढलेला फोटो, त्यात तिकिटाखालचा दहाचा आकडा. शेवटच्या पानावर लिंचबर्गचं पाकीट, आणि पत्राचं दुसरं पान उघडं. एक बाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, त्यांचे खापरपणजोबा लिंचबर्गजवळ गुलाम होते, आणि घरात त्यांच्या हातचा एकही कागद नाही. त्यांनी त्या दोन ओळींचा फोटो काढून नेला.

हे तुम्हाला फोनवर सांगवलं नाही. प्रदर्शनाला तुमच्या गुडघ्यांनी तुम्हाला येऊ दिलं नाही, म्हणून रविवारी सगळी पानं घेऊन मीच येतेय. टेबल रिकामं ठेवा. चहा आतल्या खोलीत घेऊ.

तुमची मानलेली पुतणी