दोन विषय एकत्रच का घेतले

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "राज्यशास्त्र घेतलंस ते ठीक आहे, पण ते लिंगभाव अभ्यासाचं ओझं कशाला? एकच काय ते नीट कर." मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर चैन पडेना. प्रश्न काळजीपोटी विचारला होता आणि मी उत्तर टाळलं होतं. म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे.

आधी मागच्या सुट्टीतलं. पहिलं वर्ष संपवून मी घरी आले होते. जेवताना बाबांनी पाणी मागितलं आणि आई उठायच्या आत मी म्हणाले, "स्वतः घ्या की." मग पितृसत्ता या शब्दावर मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. बाबा ताटावरून उठले. आई, तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, फक्त त्यांचं ताट झाकून ठेवलंस. ते झाकलेलं ताट अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी जे बोलले त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं. पण त्या बोलण्यात अभ्यास नव्हता, नवे शब्द हाती लागल्याचा जोर होता. बाबा, माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागते.

आता विषयांबद्दल. हे दोन वेगळे विषय आहेत आणि त्यातला एक जोडीला घेतला आहे, असं तुम्हाला वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. सकाळी एका इमारतीत राज्यसंस्था, निवडणुका, संविधानं. दुपारी दुसऱ्या इमारतीत लिंगभाव, म्हणजे बाईपण-पुरुषपण समाजात कसं घडतं ते : घर, देह, काम, नाती. दोन वह्या, दोन वाचनयाद्या. दुसऱ्या सेमिस्टरला लोकशाहीच्या प्रसारावरचा पेपर होता आणि तिथे या दोन वह्या पहिल्यांदा एकमेकींवर आदळल्या.

सॅम्युअल हंटिंग्टन हे राज्यशास्त्रातलं फार मोठं नाव. जगात लोकशाही तीन लाटांमध्ये पसरली, अशी त्यांची मांडणी १९९१ सालच्या पुस्तकात आहे, आणि ती सगळीकडे शिकवली जाते. त्यांची पहिली लाट १८२८ मध्ये अमेरिकेत सुरू होते. १८२८ च का, हे शोधायला मी मागची पानं उलटली. त्या काळासाठी त्यांनी लावलेल्या अटींपैकी एक अशी : प्रौढ पुरुषांपैकी निम्म्यांना मताचा अधिकार हवा. पुरुषांपैकी निम्मे! बायका मोजायच्याच नाहीत. अमेरिकेतल्या स्त्रियांना राज्यघटनेने मताचा अधिकार दिला १९२० मध्ये, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना तो खऱ्या अर्थाने वापरता यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. स्वित्झर्लंड घ्या. जुनी, मुरलेली लोकशाही म्हणून तिचं उदाहरण देतात. तिथे १९५९ च्या सार्वमतात पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार फेटाळला आणि १९७१ मध्ये मान्य केला. अपेनझेल इनरऱ्होडेन नावाच्या प्रांतात तर १९९० मध्ये न्यायालयाने सांगितल्यावरच स्थानिक कारभारात बायकांना मत देता आलं. म्हणजे आई, मोजपट्टीत तुला धरलं तर स्वित्झर्लंडची लोकशाही तुझ्या पिढीची होते आणि नाही धरलं तर आणखी सव्वाशे वर्षांनी जुनी होते. पामेला पॅक्स्टन या अभ्यासकीने २००० साली नेमकं हेच दाखवून दिलं : स्त्रियांचा मताधिकार मोजायला घेतला की लोकशाह्यांच्या जन्मतारखा बदलतात आणि लाटांचं चित्रही बदलतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. हंटिंग्टन यांनी काही लपवलं नव्हतं, अट पुस्तकात स्पष्ट छापलेली आहे. पण ती वाचून किती जण थबकले असतील? मी दुपारच्या वर्गात बसत नसते तर मीही थबकले नसते. सन पाठ करून पुढे गेले असते.

याच्या उलटही घडतं, बाबा, आणि ते तुम्हाला जास्त पटेल असं वाटतं. लिंगभाव अभ्यासाच्या वर्गात एकदा आफ्रिकेतल्या रवांडा या देशावर चर्चा चालली होती. तिथल्या २००३ च्या संविधानाने निर्णय घेणाऱ्या संस्थांमध्ये किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असं ठरवलं, आणि २००८ च्या निवडणुकीत ८० पैकी ४५ जागांवर स्त्रिया आल्या. स्त्रियांचं बहुमत असलेलं जगातलं ते पहिलं संसदगृह. वर्ग खूश होता, मीही होते. मग राज्यशास्त्राची वही आठवली. त्या संसदेच्या हातात किती सत्ता आहे? सरकारला नको असलेला एखादा कायदा ती अडवू शकते का? विरोधकांना मोकळेपणी निवडणूक लढवता येते का? रवांडात सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या आणि त्यांच्या पक्षाच्या हाती फार एकवटलेली आहे. संसदेत बायका बहुमताने बसल्या ही मोठी गोष्ट आहे, पण नुसती डोकी मोजून सत्ता मोजली जात नाही. राजकीय विचारांच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्येच हा फरक सांगून ठेवला आहे : कुणासारखं दिसणं हे एक प्रतिनिधित्व, कुणासाठी काम करणं हे दुसरं.

ही दोन्ही कधी कधी एकत्र येतात, त्याचंही उदाहरण आहे. आपल्याकडे ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायती तपासल्या. सरपंचपद कुठे राखीव होईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना सरळ करता आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, आणि गावातल्या बायकांच्या तक्रारींमध्ये पाणीच वरच्या क्रमांकावर होतं. "त्या नुसत्या सह्या करतात" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो शोधनिबंध वाचताना मी टेबलावर हात आपटला होता, शेजारची मुलगी दचकली.

दोन विषय एकत्र करणं सोपं नाही, हेही खरं सांगते. दोघांच्या शिस्ती वेगळ्या. मागच्या सेमिस्टरला एकाच विषयावरचा निबंध मी थोडा बदलून दोन्हीकडे दिला. एकीकडे सरांनी "मला वाटतं", "माझ्या घरी" असे सगळे शब्द लाल पेनाने खोडले आणि समासात लिहिलं, "पुरावा?" दुसरीकडे बाईंनी त्याच परिच्छेदाशेजारी लिहिलं, "यात तू कुठे आहेस?" दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते. चिडले होते. आता वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. पुराव्याशिवाय बोलले की काय होतं ते आपण त्या जेवणाच्या वेळी पाहिलंच आहे. आणि मी जणू कुठल्याच घरातून आलेली नाही असं भासवून लिहिलं, तर तेही खोटंच.

आई, आता तुझ्याकडे येते. वही घेऊन मी दिवसभर तुझ्यामागे फिरत होते, आठवतं? तू म्हणालीस, "काय लिहितेस गं एवढं?" ती आमची असाइनमेंट होती, एका माणसाच्या चोवीस तासांची नोंद. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, एका दिवसाचे ९६. पहिल्या तासातच माझी पंचाईत झाली. एका रकान्यात एक काम लिहायचं होतं. तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस, फोनवर मावशीशी तिच्या गुडघ्याचं बोलत होतीस, आणि मधेच फोनवर हात ठेवून आजीला विचारत होतीस, "गोळी घेतली ना?" मी शेवटी पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "त्याच वेळी". थोड्या वेळाने तिसरा आखावा लागला, "लक्ष ठेवणं". आजी बाथरूममध्ये असताना तू नुसती दाराशी उभी होतीस. हाताने काहीच करत नव्हतीस, पण तिथून हलूही शकत नव्हतीस. ते काम म्हणून कसं लिहायचं, हे आम्हाला दिलेल्या सूचनांमध्ये नव्हतं.

रात्री मी तुला विचारलं, "आज काय काय केलंस?" तू म्हणालीस, "काही विशेष नाही." वहीची चार पानं भरली होती. फक्त तुझ्या स्वतःसाठी म्हणता येतील असे रकाने मी मोजले, ते सहा भरले.

मॅरिलिन वॉरिंग १९७५ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, न्यूझीलंडच्या संसदेत निवडून आल्या आणि पुढे तिथल्या सार्वजनिक खर्चाच्या समितीच्या अध्यक्ष झाल्या. देशाचा हिशेब कसा मांडतात हे बघताना त्यांच्या लक्षात आलं की तुझी ती चार पानं त्यात कुठेच नाहीत. घरातल्यांसाठी विनामोबदला केलेलं रांधणं, धुणं, सांभाळणं राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. त्यावर त्यांनी १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. आणि इथेच राज्यशास्त्र परत येतं. राजकारणात कोण उतरतं, या प्रश्नाचं वर्बा, श्लोझमन आणि ब्रेडी या राज्यशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दिलेलं उत्तर आम्हाला पाठ आहे : ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि सार्वजनिक कामाची सवय आहे तो. सहा रकान्यांत कोणती सभा बसणार, आई? २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलंडमधल्या जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं सगळं काम थांबवलं, तेव्हा देश अडला. पुढच्या वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला, आणि १९८० मध्ये विग्दीस फिनबोगादोत्तीर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. कामाचा तो डोंगर तोपर्यंत कुणाला दिसला नव्हता, कारण तो रोज उचलला जात होता.

बाबा, हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की यात तुम्ही फक्त आरोपीच आहात. तसं नाही. या वर्षी समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांचं पुरुषत्वावरचं लेखन वाचलं. पुरुषपण हे एकाच साच्याचं नसतं, पण एक साचा सगळ्यांच्या डोक्यावर बसवलेला असतो आणि बहुतेकांना तो पेलताना त्रास होतो, असं त्यातून मला समजलं. वाचताना तुमची नोकरी गेली होती ते पाच महिने आठवले. तुम्ही रोज त्याच वेळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचात. आम्हाला कळलं ते तुम्हाला दुसरी नोकरी लागल्यावर. तेव्हा मला राग आला होता, आमच्यापासून लपवलंत म्हणून. आता विचार करते, पाच महिने रोज सकाळी तो शर्ट घालताना तुम्हाला काय वाटत असेल. घराचा कर्ता पुरुष रिकामा बसत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं, आणि न सांगता कसं शिकवलं, हाही माझ्या अभ्यासाचाच भाग आहे. तुमच्यावर बोट रोखायला मी हा विषय घेतलेला नाही. तुम्ही मला त्यातूनच नीट दिसायला लागलात.

नोकरीचं विचारलं होतंत. धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था, निवडणुकांचा अभ्यास, अध्यापन, स्थानिक प्रशासन, सरकारचा पैसा स्त्री-पुरुषांपर्यंत कसा पोचतो ते तपासणारं जेंडर बजेटिंग, असे रस्ते आहेत. ऑस्ट्रेलियाने ते बजेटिंग १९८४ मध्ये सुरू केलं आणि आता पुष्कळ देश करतात. पगार इंजिनिअरइतका नसेल आणि वेळही लागेल. माझी तयारी आहे.

शेवटी एक विनंती. पुढच्या वर्षीच्या प्रबंधासाठी मी विषय निवडला आहे : मत कुणाला द्यायचं हे घरात कसं ठरतं. आई, एकदा मतदान करून आल्यावर बाबांनी तुला सहज विचारलं होतं, "दिलंस ना आपल्यालाच?" तू चपला काढता काढता म्हणालीस, "गुप्त असतं ना ते?" आणि आत गेलीस. मी तेव्हा नववीत असेन. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियात गुप्त मतपत्रिका सुरू झाली ती मालक, जमीनदार आणि गुंडांच्या दबावापासून मतदाराला वाचवण्यासाठी, असं आम्ही शिकलो. तो पडदा घरातही लागतो, हे मी त्या दिवशी तुझ्याकडून शिकले होते, फक्त मला ते माहीत नव्हतं.

मला तुम्हा दोघांशी यावर बोलायचं आहे, वेगवेगळं. मत कुणाला दिलं ते विचारणार नाही. सोबत दोन संमतीपत्रं पाठवते, एक आईचं, एक बाबांचं. दोघांनी आपापलं वाचा, एकमेकांना विचारून सही करू नका. नावं बदललेली असतील. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल आणि कारण सांगावं लागणार नाही, हे त्यात लिहिलेलं आहेच. सही केली नाहीत तरी मी रागावणार नाही. कोरा कागद आला तरी चालेल.

आजीला नमस्कार. तिची गोळी आता बाबा देतात असं मावशीकडून कळलं.

तुमची लेक