संज्या, इथलं पण एक 'मेडिकल' आहे

अक्रा, घाना
शनिवार, रात्री

प्रिय संज्या,

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आफ्रिकेत हॉस्पिटलं तरी असतात का बे, का तंबूतच चालते सगळं?" आणि मी हसून सोडून दिलं, कारण तिकडे वहिनीचा कुकर शिट्ट्या मारत होता अन मलाही साइटवर निघायचं होतं. पण ते डोक्यातून गेलं नाही. वीस वर्षं आपल्या 'मेडिकल'मधे, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, काढलेल्या माणसाने असं विचारावं म्हणून थोडा रागच आला खरं सांगू तर. आज लाइट गेली आहे (इथे लोडशेडिंगला डुमसोर म्हणतात, म्हणजे बंद-चालू, किती प्रामाणिक नाव आहे बघ), लॅपटॉपमधे दम आहे तोवर लिहून टाकतो.

अक्रात कॉर्ले बू म्हणून टीचिंग हॉस्पिटल आहे, म्हणजे जिथे डॉक्टर शिकून तयार होतात ते. कॉर्ले हे बाजूच्या खाऱ्या तळ्याचं नाव, आणि बू म्हणजे इथल्या गा भाषेत खोलगट जागा. १९२३ साली गुगिसबर्ग नावाच्या ब्रिटिश गव्हर्नरने २०० खाटांवर सुरू केलं, आता २००० च्या घरात खाटा आहेत. पण टीचिंग झालं ते १९६२ मधे, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, आणि पहिली बॅच बाहेर पडली १९६९ ला. त्याआधी घानाच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर बोट पकडून परदेशात जायचं, आणि गेलेला परत येईलच याची काय गॅरंटी.

आता तुला समजेल असं सांगतो. आपल्याकडे उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा आणि मग मेडिकल, तशीच उतरंड इथे आहे. सगळ्यात खाली गावातलं छोटं केंद्र, त्याला चिप्स म्हणतात (खायचे नाहीत), मग हेल्थ सेंटर, डिस्ट्रिक्ट, रीजनल, आणि सगळ्यात वर टीचिंग. कागदावर फार छान. प्रत्यक्षात काय होतं ते तू मेडिकलच्या कॅज्युअल्टीत रोज बघतोस, खालच्यांचे हात टेकले की पेशंट वर, त्यांचेही टेकले की आणखी वर, आणि शेवटच्या पायरीच्या वर कोणीच नाही, तिने नाही कोणाला म्हणायचं?

आमचा ड्रायव्हर क्वेसी (रविवारी जन्मला म्हणून क्वेसी, इथे वारावरून नावं ठेवतात, तू शनिवारचा म्हणजे क्वामे झाला असतास). त्याच्या मावशीला एका रात्री श्वास पुरेना, गाडी माझ्याकडेच होती म्हणून मीच निघालो. पहिल्या ठिकाणी नो बेड, दुसऱ्या ठिकाणी नो बेड. या प्रकाराला इथे नावच पडलंय, नो बेड सिंड्रोम, पेपरात येतं, पार्लमेंटमधे भांडणं होतात. तिसऱ्या ठिकाणी, नाव नाही लिहीत, बेड नव्हताच पण तिथल्या पोरीने नाही म्हटलं नाही. हाउस ऑफिसर, म्हणजे आपली इंटर्न, चोवीस-पंचवीसची असेल, डोळे लाल. मावशीला प्लास्टिकच्या खुर्चीतच बसवलं, सलाइन खिडकीच्या कडीला अडकवलं, फोल्डर गुडघ्यावर ठेवून लिहायला लागली (इथे केसपेपरला फोल्डर म्हणतात, फोल्डर सापडला नाही की समज पेशंटच हरवला) आणि न बघता क्वेसीला म्हणाली, बाहेरच्या फार्मसीतून ग्लव्हज आणि कॅन्युला घेऊन ये. मला एकदम आपला होस्टेलचा काळ आठवला यार, तू असाच नातेवाइकांना बाहेर पिटाळायचास आणि नंतर रूमवर येऊन सरकारला शिव्या द्यायचास.

आरोग्य विमा आहे बरं का. आधी कॅश अँड कॅरी चालायचं, रोख टाका नाहीतर चालते व्हा, म्हणून २००३ मधे कायदा करून राष्ट्रीय विमा आणला. कार्ड क्वेसीच्या मावशीकडेही होतं. पण कार्डाने खाट तयार होत नाही ना.

बरं, रडगाणं पुरे. मला जे भारी वाटलं ते वेगळंच आहे. इथले डॉक्टर-नर्स इंग्लंड-अमेरिकेला पळतात ही जुनी जखम आहे. गायनॅकचं पीजी करायला बाहेर गेलेले तर फारच थोडे परत यायचे. मग १९८९ मधे कॉर्ले बू आणि कुमासीचं कोम्फो अनोच्ये, या दोन टीचिंग हॉस्पिटलांत गायनॅकचं पीजी इथल्या इथेच सुरू केलं, परदेशी कॉलेजांची मदत घेऊन पण शिकायचं घरी. आणि त्यातून तयार झालेले जवळजवळ सगळे देशातच राहिले! पगार कमी असून. आपल्या लोकांत, आपल्याच तुटक्या मशीनवर शिकलेला माणूस तिथे काम करू शकतो, असं माझं आपलं मेकॅनिक डोकं म्हणतं. त्याच १९८९ मधे फ्रिम्पाँग-बोआतेंग नावाचा हार्ट सर्जन जर्मनीतून परत आला आणि कॉर्ले बूत हृदयशस्त्रक्रियेचं सेंटर उभं केलं, आता शेजारच्या देशांतून पेशंटही येतात आणि शिकणारे सर्जनही.

कुमासीला कामाने गेलो होतो तेव्हा एक गंमत पाहिली. अशांती लोकांचा पुरोहित ओकोम्फो अनोच्ये, त्याने जमिनीत खुपसलेली तलवार हॉस्पिटलच्या आवारातच आहे. उपसली तर अशांती राज्य मोडेल म्हणतात. हॉस्पिटलला नाव त्याचंच.

आता तुझ्या आवडीचा विषय. सिकलसेल, तोच रक्तातला आनुवंशिक आजार, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो! इथे जन्मणाऱ्या शंभर पोरांत साधारण दोघांना हा आजार असतो, वाहक नाही, आजार. कुमासीत १९९५ पासून नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासायला लागले. आणि नावं ऐक. आपण इंग्रजी नाव उचललं, यांच्याकडे आधीपासून होतं, गा भाषेत च्वेच्वीच्वे, ट्वी भाषेत अहोतुतुओ. एकदा मोठ्याने म्हणून बघ, हाडात कोणीतरी कुरतडून राहिलंय असं वाटतं ना? कॉर्ले बूचं सिकलसेल क्लिनिक एकेकाळी चालवणारे डॉ. कोनोटे-अहुलू, त्यांच्या घरातच हा आजार, आणि त्यांनी स्वतःच्या खानदानात तो १६७० पर्यंत मागे शोधून काढला, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या नावांवरून. मला आपले गडचिरोलीचे पेशंट आठवले. तू म्हणायचास ना की आपल्याकडे सिकलसेल सौम्य असतो असं पुस्तकात लिहिलंय, पण वॉर्डातल्या पोराला कोण सांगणार.

आणि तो तंबू. तू बहुतेक इबोलाच्या साथीचे फोटो पाहिले असशील. मग नायजेरियातल्या लागोस शहराचंही ऐक. जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला इबोलाचा पेशंट एका खाजगी दवाखान्यात भरती झाला, वरून दबाव होता सोडा म्हणून, डॉ. अमेयो अडाडेवो बाईंनी सोडलं नाही. त्या लागोसच्याच मेडिकल कॉलेजच्या, हाउस जॉब तिथल्याच टीचिंग हॉस्पिटलात केलेला, आणि इबोला आहे हे दाखवलं ते त्याच टीचिंग हॉस्पिटलच्या लॅबने. एवढ्या मोठ्या नायजेरियात २० केसेसवर थांबलं. आठ गेले, त्यात त्या बाई पण.

बॅटरी नऊ टक्के. क्वेसीची मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेवर गेली आणि आठवड्याने घरी आली. परवा तिने केंके पाठवलं, मक्याचं आंबवलेलं पीठ मक्याच्याच पानात बांधून उकडलेलं, सोबत मिरचीचा झणझणीत शितो. वास घेतला आणि आजीची आंबील आठवली रे. तू फेब्रुवारीत ये, सुट्टी टाक. येताना सावजीचा मसाला आण, तिला द्यायचा आहे.

तुझा,
बाळ्या