शेऱ्याचा रकाना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

वर्ष संपायला चार दिवस उरलेत आणि मी वही घेऊन बसले आहे. बाबा, अगदी तुमच्यासारखी. डिसेंबरच्या शेवटी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून हिशेबाची वही उघडायचात आणि एकेका खरेदीपुढे शेरा लिहायचात. ‘टिकाऊ’. ‘घाई झाली’. ‘नको होते’. माझ्या सायकलीपुढे ‘पोरगी खूश’ लिहिलेलं मी चोरून वाचलं होतं. तोंडानं मात्र तुम्ही एवढंच म्हणाला होतात की सीट जरा उंच आहे.

तर यंदा मीही रकाने आखले: तारीख, वस्तू, शेरा. किमतीचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, नाहीतर पत्र अर्ध्यावर टाकून तुम्ही बेरीज मांडायला बसाल.

पहिला धक्का असा की जुन्या मेसेजमधून खरेद्या उतरवून घेताना सात-आठ पार्सलांत काय आलं होतं तेच मला आठवेना. मागवताना मात्र त्यांच्यावाचून अडल्यासारखं झालं होतं. त्यातल्या बऱ्याच रात्री अकरानंतरच्या आहेत. दिवसभर दमल्यावर माणूस शहाणपणानं काही विकत घेत नाही, असं माझं मत झालंय. त्या सगळ्यांना कंस करून एकच शेरा दिला: ‘झोपायला हवं होतं’.

पावलं मोजणारं घड्याळ त्या कंसात नाही, ते मी भर दुपारी विचार करून घेतलं होतं. रोज १०,००० पावलं चालायची म्हणून. आकडा भरला नाही की रात्री पलंगावर बसून हात हलवत राहायचे, आणि ते खुळं घड्याळ तीही पावलं धरायचं. मग कळलं की हा १०,०००चा आकडा काही डॉक्टरांनी शोधून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. नावाचा नियम झाला. घड्याळ खणात गेलं. चालणं चालू आहे, मोजणं बंद.

खुर्ची चांगली निघाली. पाठ दुखायची थांबली, यापलीकडे खुर्चीबद्दल काय लिहायचं?

आई, तुला पाठवलेल्या दिव्याबद्दल मात्र लिहायचंय. माणूस आला की आपोआप लागणारा. रात्री उठताना तुझा पाय अडखळला होता, म्हणून मी तो घाईघाईनं पाठवला आणि महिनाभरानं विचारलं तर तू म्हणालीस, “छान आहे गं, कपाटात ठेवलाय.” दिवा! कपाटात! मग लावलास, तर तक्रार आली की बाबा पेपर वाचत बसले की दिवा विझतो. त्या दिव्याला माणूस दिसत नाही. आपल्या अंगाच्या उबेची जी अदृश्य किरणं निघतात, त्यांच्यातला बदल तेवढा त्याला कळतो. हललं की माणूस आहे, स्थिर बसलं की खोली रिकामी. तो पॅसेजमध्ये, पावलांच्या उंचीवर लाव. त्याच्या उजेडात वाचायचं नाही, दोघांनीही. शेरा: ‘वस्तू बरी, पाठवणारीनं सांगायला हवं होतं’.

आता वहीतल्या त्या ओळीकडे येते, जिच्यापुढे काय लिहावं ते मला दोन दिवस सुचत नाहीये. मार्च. बाबांचं कानाचं मशीन.

तपासणीनंतर त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागद पुढे केला तेव्हा तुम्ही दोघं बाहेर बसला होतात. कागदावर आलेख होता. डावीकडे खर्जाचे आवाज, उजवीकडे चढत जाणारे बारीक आवाज, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. बाबांची रेघ डावीकडे बरीचशी वर, जवळजवळ सरळ. मध्याच्या पुढे ती एकदम खाली उतरत गेलेली, घसरगुंडीसारखी. वयानं कान जातो तो बहुतेक असाच, बारीक आवाजांकडून. त्या म्हणाल्या, “यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत.” स्वर शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही हवेची अक्षरं गळतात. त्यातून बोलणारा खर्जातला पुरुष असला तर निभावतं, बाईचा नाहीतर लहान मुलाचा पातळ आवाज असला की पंचाईत.

मला तिथल्या तिथे आठवलं, मागच्या वर्षी मी फोनवर सांगितलं होतं की घराचं काम साठ टक्के झालं. तुम्ही म्हणालात, “आठच?” मी चिडले होते. वाटलं, टोमणा मारताय. ‘साठ’मधला ‘स’ काढला की काय उरतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

आणि आई, आपण सगळे किती वर्षं ते वाक्य हसत हसत म्हणत आलो: “ह्यांना मनात असलं की बरोबर ऐकू येतं.” शेजारच्या काकांचं ऐकू येतं, माझं नाही. बातम्या ऐकू येतात, बायको नाही. तू खरंच रुसायचीस, मला माहीत आहे. तुझा आवाज घसरगुंडीच्या बाजूला पडत होता, एवढंच.

माझा रुसवा फोनवरचा होता. “बरी आहेस ना? हं. हं. आईला देतो.” इतकंच. मी मैत्रिणीला सांगायचे, बाबांना माझ्याशी बोलायला काही नसतंच. साधा फोन मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पुढे नेण्यासाठी बांधलेला, आणि ‘स’चा बहुतेक जोर त्याच्याही वर. समोर ओठ दिसतात, फोनवर तेही नाहीत. बाबा, तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. तुम्ही पुन्हा पुन्हा “काय?” विचारण्यापेक्षा फोन आईच्या हातात देत होतात. एकदा सांगायचं तरी. पण तेही खरं आहे की मीही एकदा विचारलं नाही.

मशीन आणल्यावर पहिला आठवडा तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. स्वतःचा आवाज पिंपात तोंड घातल्यासारखा येतो. पेपर उलटला की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं. फ्रिज इतका ओरडतो हे कुणी सांगितलं नाही. त्या बाईंनी बजावलं होतं की मेंदूला हे आवाज विसरून वर्षं झालीत, परत ओळख पटायला काही आठवडे लागतील, रोज थोडं थोडं घाला. तुम्ही ते पहिल्यांदा सणसमारंभापुरतं राखून ठेवलंत, त्या दिव्यासारखंच. तुम्ही दोघं एका मातीचे आहात.

आणि मशीनचे सेल! तो किस्सा मी इथे सगळ्यांना सांगितलाय. सेलवरची केशरी पट्टी काढली की आत हवा जाते आणि त्या हवेवरच तो चालतो. म्हणजे पट्टी काढली त्या क्षणापासून सेल खर्ची पडायला लागला, मशीनमध्ये असो की टेबलावर. आमच्या बाबांनी सोय म्हणून कार्डावरच्या सहाच्या सहा पट्ट्या एका बैठकीत सोलून, सेल डबीत रांगेनं लावून ठेवले. मग पट्ट्या परत चिकटवल्या, पण त्यानं फारसं काही होत नाही. आता नवीन दोन कार्डं पाठवली आहेत. एका वेळी एकच पट्टी, बाबा. काढल्यावर सेल चारेक मिनिटं उघडा ठेवायचा आणि मगच आत बसवायचा, म्हणजे जोर नीट येतो.

वहीत शेवटी एक नोंद आहे, जी खरेदी नाहीच. बाबांचं किल्लीचं घड्याळ. मार्चमध्ये निघताना ते मी खणातून उचलून आणलं होतं. “नेऊन काय करणार, बंद पडलंय,” तुम्ही म्हणालात. घड्याळजींनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, “बंद कुठंय? किल्ली दिली की चालतंय. तेल सुकलंय, मागं पडतंय तेवढं.” मला काही उमगेना. घरी येऊन विचार केला तेव्हा डोळ्यांसमोर आलं: तुम्ही रोज सकाळी किल्ली द्यायचात आणि घड्याळ कानाला लावायचात. काट्यांकडे बघून तुम्ही कधीच खात्री केली नाहीत. कानावर विश्वास. पूर्वी डॉक्टरसुद्धा घड्याळाची टिकटिक ऐकवून कान तपासायचे म्हणे, इतका तो आवाज बारीक. एके दिवशी कानाला लावलंत, काही आलं नाही, आणि तुम्ही ते गेलं म्हणून खणात ठेवून दिलंत.

नोव्हेंबरमध्ये परत दिलं तेव्हा मी यातलं काही बोलले नाही. तुम्ही किल्ली दिलीत, कानाला लावलंत. तासाला १८,००० ठोके, सेकंदाला पाच. मग मशीन कानातून काढलंत, पुन्हा लावून बघितलंत. मशीन परत घातलंत. असं दोनदा. आई आतून विचारत होती, “चालतंय का हो?” आणि तुम्ही मान न वळवता म्हणालात, “चालतंय.”

आतून विचारलेलं तुम्हाला ऐकू आलं होतं. माझ्याखेरीज ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या ओळीपुढचा रकाना मी कोराच ठेवलाय. पुढच्या वेळी वही घेऊन येते, शेरा तुम्ही लिहा.

रविवारी सकाळी फोन करेन. आई, रिंग वाजली तरी तू उठू नकोस. बाबांनाच घेऊ दे.

तुमची,
मनू